ब्याण्णववर थांबलेला काटा

आमच्या शेडमध्ये आलेला प्रत्येक माणूस पाच मिनिटांत रडायला लागत असे. आमच्या वागण्यामुळे नव्हे. हवेत फॉर्मॅलिन असायचं. कांदा चिरताना डोळ्यांचं जे होतं, त्याच्या दसपट. आम्ही रोजचे, तरी आमचेही डोळे पाझरायचे. आम्ही ते बाहीला पुसून कामाला लागायचो. एकदा आमच्या पर्सोनेल ऑफिसरांची बदली झाली. कॅन्टीनचे पत्रे बदलायचं काम चालू होतं, म्हणून निरोपसमारंभ आमच्याकडे ठेवला. गृहस्थ असे होते, की बदलीची बातमी कळल्यावर दोन माणसं नवस फेडायला त्र्यंबकला जाऊन आली होती. पण हार घातला, भाषण सुरू झालं, आणि चाळीस कामगार रांगेने उभे राहून घळाघळा रडायला लागले. ऑफिसर गहिवरले. तेही रडले. "इतकं प्रेम मला माझ्या घरीसुद्धा मिळालं नाही," म्हणाले, आणि जाण्यापूर्वी तीन जणांचे मेमो फाडून गेले.

तेव्हापासून माझी खात्री झाली, की कारखान्यात एखादी गोष्ट ज्या कारणाने घडते ते कारण, आणि साहेब लोक जे समजून घेतात ते कारण, यांची गाठ फारशी पडत नाही.

रसायनशास्त्रावर लिहायला बसलोय खरा, पण अधिकार काही नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला. कुणी प्राध्यापक हा अंक हातात घेतील आणि लाल पेन काढतील, अशी धास्ती आहे. त्यांना आधीच हात जोडतो. मला जे कळलं ते पुस्तकातून नाही, एका केटलपाशी उभं राहून कळलं, आणि ते ज्यांनी कळवलं त्यांचं ऋण डोक्यावर आहे म्हणून लिहितो.

माझं गाव किनवटकडचं. पुढच्या वर्गाची शाळा लांब, म्हणून सातवीनंतर पाटी ठेवली आणि लाकडाच्या डेपोवर लागलो. सागाच्या ओंडक्यांवर डांबराने नंबर टाकायचे, हे माझं काम. सहा-सात वर्षं ते केलं. त्याने एक झालं: माझे आकडे सुंदर झाले. माझा आठ बघून डेपोचे कारकून थांबायचे. डेपो बंद पडला तेव्हा छोट्या लाइनच्या गाडीने मनमाड, तिथून नाशिक, असा येऊन पडलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सातपूरला कारखाने उभे राहत होते आणि गेटवर माणसं उभी राहत होती. एका रेझिनच्या कारखान्याने मला आत घेतलं. नाव लिहीत नाही. त्या नावाची पाटी आता तिथे नाही, आणि त्यांचं मीठ मी खाल्लं आहे.

आत घेतलं, पण टेंपररी. टेंपररी माणूस कसा असतो हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. शिंक आली तरी तो आधी इकडे-तिकडे बघतो. सुट्टीच्या दिवशीही मी सीबीएसच्या बसस्टँडवर जाऊन सातपूरची बस बघून यायचो, उद्या तिने मला सोडून जाऊ नये म्हणून.

आता धंदा सांगतो. केटल म्हणजे चहाची नव्हे. दीड मजली उंचीचं स्टीलचं भांडं, त्याला बाहेरून दुसरं कवच. कवचात वाफ सोडली की भांडं तापतं, थंड पाणी सोडलं की निवतं. भांड्यात फिनॉल आणि फॉर्मॅलिन घालायचं, थोडा कॉस्टिक सोडा. फिनॉल थंडीत दगड होतं. नाशिकच्या डिसेंबरात पिंप गरम पाण्यात बसवून त्याला तासभर मनवावं लागे. अंगावर उडालं तर कातडी पांढरी पडे. हे दोन्ही एकत्र शिजले की काकवीसारखं रेझिन होतं. त्याने प्लायवूडचे थर चिकटतात, ब्रेकच्या पट्ट्या होतात. घरातल्या कुकरची काळी मूठ आहे ना, ती याच खानदानातली. कुकरचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आमच्या लॅबमध्ये वैद्यबाई होत्या, बी.एस्सी. झालेल्या. आख्ख्या कारखान्यात केमिस्ट्री येणारी ती एक व्यक्ती, म्हणून त्यांना सगळ्यात लहान खोली दिलेली. मी नमुन्याची बाटली घेऊन गेलो, की त्या तव्यासारख्या तापलेल्या लोखंडी पट्टीवर रेझिनचा थेंब टाकायच्या, काचेच्या कांडीने ढवळायच्या आणि सेकंद मोजायच्या. ढवळता ढवळता तार सुटे आणि थेंब टणक होई. एक दिवस मला म्हणाल्या, "प्रल्हाद, इकडे या. आता पट्टी दहा अंशांनी जास्त तापवते. मोजा तुम्ही." मी मोजलं. वेळ जवळजवळ निम्मा लागला.

"असं का हो बाई?"

"गावाकडे उन्हाळ्यात दही किती वेळात लागतं?"

"सकाळी विरजलं तर दुपारी आंबट, जी."

"आणि इथे थंडीत?"

"पोत्यात गुंडाळून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी दूधच."

"तेच हे. साधारण दहा अंश वाढले, की वेग दुप्पट. सगळ्याच गोष्टींना हा हिशोब तंतोतंत लागत नाही, पण अंदाजाला पुरे."

मग त्यांनी खरी भीतीची गोष्ट सांगितली. दही लागताना भांडं तापत नाही. आमचं रेझिन शिजताना स्वतःच उष्णता सोडतं. उष्णता वाढली की शिजणं वाढतं, शिजणं वाढलं की उष्णता वाढते. बसच्या रांगेतलं भांडण जसं, एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचा चढतो, आणि मध्ये कुणी पाणी घेऊन आलं नाही तर शेवटी कॉलर धरली जाते. म्हणून आमचं निम्मं काम तापवण्याचं नव्हतंच, आवरण्याचं होतं. वाफ सुरुवातीला थोडी द्यायची. पुढे पाणी हातात धरून उभं राहायचं. ठरलेलं तापमान होतं नव्वद ते ब्याण्णव.

हे आवरणं ज्यांच्या हाती होतं ते युसूफचाचा. मूळचे मालेगावचे. तिथे रंगाच्या कारखान्यात सूत रंगवता रंगवता आयुष्य निम्मं गेलेलं, म्हणून उजव्या हाताची नखं कायमची निळसर. लिहिता-वाचता येत नव्हतं. केटलचा तापमान दाखवणारा काटा त्यांच्या दृष्टीने साहेब लोकांसाठी बसवलेलं घड्याळ होतं. केटलवर वाफेला थंड करून परत खाली पाडणारा कंडेन्सर होता. त्यातून बाहेर येणाऱ्या पाण्याच्या नळावर चाचा उजवा तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. तीन म्हणेपर्यंत हात ठेवता आला तर माल ठीक. दोनलाच उचलावा लागला, तर ओरडायचे, "परल्हाद, पानी!" शिवाय कान. माल उकळताना केटलच्या पोटात एक गुडगुड चाले. ती जाड झाली, बारीक झाली, अडखळली, सगळं त्यांना कळे. मला गुडगुड ती गुडगुडच वाटायची.

राहायला खोली त्यांनीच बघून दिली. पहिल्या थंडीत माझ्याकडे पांघरूण नव्हतं, हे त्यांनी मी न सांगता ओळखलं. चाचींनी जुन्या साड्यांची गोधडी पाठवली. "दही नहीं लगता तेरे यहाँ, तो तू कैसे टिकेगा?" असं वर म्हणाले. ती गोधडी अजून आहे.

माझं काम लॉगशीट लिहिण्याचं. माल ठरलेल्या तापाला आला, की चाचा म्हणायचे, "लिख," आणि तिथून दर पंधरा मिनिटांनी काटा बघून आकडा टाकायचा. मी शिडीवर चढायचो, बघायचो, लिहायचो. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. पंच्याण्णव. एक्याण्णव. सुंदर अक्षरात.

आठवड्याने टिपणीससाहेबांचं बोलावणं आलं. हे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना माल दिसत नसे, कागद दिसे. कागदावर खाडाखोड किंवा चढउतार झाला, की त्यांच्या पोटात दुखे.

"हे काय आहे?" त्यांनी लॉगशीट माझ्यापुढे धरली.

"लॉगशीट, जी."

"ही लॉगशीट नाही, हा तापाच्या पेशंटचा चार्ट आहे. अठ्ठ्याऐंशी, पंच्याण्णव, एक्याण्णव! हेड ऑफिसला काय दाखवू मी? अक्षर इतकं चांगलं आहे तुमचं. आकडेही चांगले काढा."

बाहेर आल्यावर चाचांना सांगितलं. ते विडी न पेटवताच तोंडात धरून म्हणाले, "साहेबला सरळ रेघ पाहिजे तर दे की. कागज उनका, केटल अपना. काम तो हाथ से होता है ना?"

मग मी शिकलो. शिफ्टच्या सुरुवातीलाच अख्खी लॉगशीट लिहून टाकायची. नव्वद, एक्याण्णव, ब्याण्णव, पुन्हा एक्याण्णव, थोडी कलाकुसर करून. तिन्ही शिफ्टमध्ये हीच रीत होती, मीच एकटा अडाणी राहिलो होतो. चाचा हाताने केटल चालवत होते, मी घरच्या अभ्यासासारखे आकडे लिहीत होतो, आणि टिपणीससाहेब रोज सकाळी कागद बघून प्रसन्न होत होते. पण मला रोज भीती वाटायची. खोटं लिहितोय, पकडला गेलो तर गेटबाहेर.

आणि देवाने माझी काळजी दूर केली. काटा मेला.

मला ते एका सोमवारी सकाळी कळलं. केटल रिकामी होती, आम्ही ती आतून गार पाण्याने धुतली होती. शेडमध्ये इतका गारठा, की बोलताना तोंडातून वाफ. मी शिडीवर चढून तबकडीची काच पुसली. काटा ब्याण्णववर. मी टिचकी मारली. ब्याण्णव. मूठ आपटली. ब्याण्णव. नवी तबकडी बसवून वर्षही झालं नव्हतं. बहुधा आत रेझिनची वाफ जाऊन काटा चिकटला असावा.

सांगायला म्हणून ऑफिसकडे गेलो, तर तिथे पेढे वाटत होते. हेड ऑफिसकडून प्रशस्तिपत्र आलेलं: उत्कृष्ट तापमान नियंत्रणाबद्दल. काचेच्या फ्रेममध्ये, सोनेरी अक्षरात. टिपणीससाहेबांनी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात पेढा घातला. "तुमच्या अक्षराचाही वाटा आहे हो यात. तुमचं परमनंटचं बघतो मी."

तोंडात पेढा असताना माणूस काय बोलणार?

पेढा गिळून झाला तरी बोललो नाही. आणि पुढचे आठ महिने मी एकही खोटा आकडा लिहिला नाही. दर पंधरा मिनिटांनी शिडी चढायचो, प्रामाणिकपणे काटा बघायचो, ब्याण्णव दिसायचं, ब्याण्णव लिहायचो. खरेपणा आणि साहेबांची मर्जी एकत्र नांदतायत असा काळ माझ्या नोकरीत तेवढाच. मेलेला काटा हा आमच्या कारखान्यातला सगळ्यात शिस्तीचा कर्मचारी ठरला.

चाचांनाही सांगितलं नाही. त्यांना काट्याची गरजच नाही, मग कशाला, असं मनाला सांगत होतो. वैद्यबाईंना मात्र वास आला. "तुमचा कागद म्हणतो सगळ्या बॅच ब्याण्णवला शिजल्या. माझी पट्टी म्हणते, काही जास्त शिजल्यात, काही कमी. दोघांतलं एक खोटं बोलतंय." त्यांनी तशी चिठ्ठी वर पाठवली. टिपणीससाहेबांनी त्यावर 'लॅबची पट्टी तपासावी' असा शेरा मारून परत केली.

अशात टिपणीससाहेबांच्या घरी प्रेशर कुकर आला.

हेड ऑफिसकडून उत्पादन वाढवा असा तगादा होताच. साहेब सकाळी शेडमध्ये आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. "युसूफमियाँ, तुमच्याकडे डाळ शिजायला किती वेळ लागतो?"

"लकडी पर है साहेब. लकडी सुकी तो जल्दी."

"आमच्याकडे काल पंधरा मिनिटांत शिजली! का? वाफ कोंडली. पाणी उघड्यावर शंभरला उकळतं, त्याच्या वर जातच नाही. झाकण दाबून बसवलं, की दाब वाढतो आणि पाणी एकशे वीसपर्यंत जातं. ताप जास्त, काम लवकर. मग आपण केटलचं तोंड उघडं का ठेवतो?"

शास्त्र अगदी बरोबर होतं, हे मी आजही मान्य करतो. दाबाने उकळायची हद्द वर सरकते. उलट दाब काढून घेतला तर ती खाली येते; शेवटी रेझिनमधलं पाणी काढताना आम्ही पंपाने हवा ओढून घ्यायचो, म्हणजे पाणी साठ-पासष्टलाच उकळून निघून जाई आणि माल करपत नसे. पण आमचा माल फॉर्मॅलिनमुळे शंभरच्या आतच उकळायला लागे, आणि त्या उकळण्याचा आम्हाला आणखी एक उपयोग होता. उकळताना वाफ उष्णता घेऊन वर जाते. ती आमची पळवाट होती. साहेब म्हणत होते, पळवाट बंद करू.

चाचांनी केटलकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेब, डाल बिचारी चुलीवर बसते. हा माल तसा नाही. हा खुदही चूल आहे. चुलीला झाकण लावून कोण बसतं?"

"अहो, तोंडाचा व्हॉल्व पूर्ण बंद नाही करायचा, थोडा आवळायचा. आणि काट्यावर नजर ठेवायची. आपलं तापमान नियंत्रण कसं आहे?" त्यांनी ऑफिसकडे बोट केलं, जिथे प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं. "आपल्याला काय भीती?"

पुढच्या सोमवारी माझी परमनंटची ऑर्डर निघायची होती. मी शिडीवर चढून मेलेल्या काट्याची काच पुसायला लागलो.

प्रयोग बघायला हेड ऑफिसचे मोठे साहेब आले. पांढरीशुभ्र अँबॅसडर शेडच्या मागे, गुलाबाच्या वाफ्यापाशी लावली. त्यांच्यासाठी शेडमध्ये खुर्ची मांडली. पाच मिनिटांनी तेही रडायला लागले, पण खुर्ची सोडली नाही.

माल भरला, वाफ दिली, ठरल्या तापाला आला. मग टिपणीससाहेबांच्या हुकमाने वरचा व्हॉल्व आवळला.

आणि केटल गप्प झाली.

दाब वाढला तसं उकळणं दबलं. गुडगुड थांबली. कंडेन्सरकडे वाफ जाईना, म्हणून नळातलं पाणी कोमट झालं. चाचांनी हात ठेवला. तीन झाले, पाच झाले, सात झाले. हात उचलावा लागेना. त्यांनी कान लावला. काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचा हातही मुका झाला आणि कानही.

"ताप दिसत नाही अजून," टिपणीससाहेब लॉगशीट बघत म्हणाले. "ब्याण्णवच आहे. युसूफमियाँ, वाफ सोडा आणखी."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"परल्हाद, काटा क्या बोलता है?"

शिडीवर मी. खाली दोन साहेब, वर तोंड करून. समोर काटा.

"ब्याण्णव," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. काट्यावर ब्याण्णवच होतं.

चाचांनी मान हलवली आणि वाफेचा व्हॉल्व आणखी अर्धा फेरा उघडला. माझ्या शब्दावर. त्यांच्या चेहऱ्यावर नवशिक्याचा विश्वास होता. हाताने-कानाने दगा दिल्यावर शिकल्या-सवरल्या माणसाचं ऐकावं, तसा. तो चेहरा मला सहन झाला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, मिनिट असेल, दोन असतील. मी शिडीवरून उडीच टाकली.

"चाचा, काटा मेलाय! आठ महिने झाले मेलाय! खरा ताप कुणालाच माहीत नाही!"

टिपणीससाहेब म्हणाले, "काय बोलताय तुम्ही? सर्टिफिकेट आहे आपल्याकडे!"

चाचा वळले. वाफ बंद केली, मला ओरडले, "पानी! पूरा!" आणि स्वतः वर धावले, आवळलेला व्हॉल्व उघडायला. त्याचं चाक तोवर पेटल्यासारखं तापलं होतं. फडकं शोधायला वेळ नव्हता. त्यांनी उजव्या तळहाताने ते धरलं आणि फिरवलं. शेवटच्या फेऱ्याला बाजूने वाफ फुटली, ती त्याच हातावर.

दाब सुटला, तसा सगळा माल एकदम उकळून वर आला. छपरावरच्या नळीतून तांबूस फेस आभाळात गेला आणि शेडच्या मागे पडला. गुलाबांवर, आणि अँबॅसडरवर. केटल फुटली नाही, कुणी मेलं नाही. ते चाचांनी वाचवलं. मी पाणी सोडलं, ते कुणीही सोडलं असतं.

केटलमध्ये राहिलेला माल जागेवरच दगड झाला. पुढचे तीन आठवडे आम्ही छिन्नी-हातोड्याने तो फोडत होतो, पाळीपाळीने आत उतरून. अँबॅसडरचं रेझिन निघालं नाहीच. गुलाब मात्र टिकले. तांबूस काचेत बसवल्यासारखे दोन वर्षं तसेच होते. पाकळी गळली नाही. साहेबांच्या बागेला त्याआधी एवढं यश कधी आलं नव्हतं.

चौकशी बसली. अध्यक्ष अँबॅसडरचे मालक. मी रात्रभर घोकून गेलो होतो आणि सगळं खरं सांगितलं. रिकाम्या थंड केटलवर ब्याण्णव, पेढा, आठ महिने, सगळं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुमचं शिक्षण?"

"सातवी, जी."

"मग उपकरण चालू आहे की बंद, हे तुम्ही कसं ठरवलंत?"

"टिचकी मारून, जी."

"टिचकी ही मान्य चाचणी नाही." त्यांनी टिपणीससाहेबांकडे बघितलं. टिपणीससाहेबांनी प्रशस्तिपत्राकडे बघितलं. त्यावर खाली अध्यक्षांचीच सही होती. प्रशस्तिपत्र आलं त्या दिवशीच काटा मेलेला असेल, तर ती सही कशावर होती?

वैद्यबाईंनी आपली चिठ्ठी पुढे केली. ती फाइलला लावतो म्हणाले. लावली असेल.

अहवाल टाइप होऊन आला. काटा घटनेच्या दिवशी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी बंद पडला, तोपर्यंत उत्तम चालू होता, आणि त्यात कोणाही व्यक्तीचा दोष नाही. माझी सही हवी होती. त्याच टेबलावर, त्याच पाकिटात, परमनंटची ऑर्डर होती. माझी सही फार सुंदर आली.

संध्याकाळी चाचांच्या घरी गेलो. हाताला पट्टी, चाची भरवत होत्या. मी दाराशीच बसलो. "चाचा, मला माहीत होतं. तुम्ही विचारलं तेव्हाही."

चाची थांबल्या. चाचांनी तोंडातला घास संपवला.

"तू ने लिखा, वो साहेब का था," ते म्हणाले. "बोला, वो तो मेरे से बोला ना?"

चाचींनी माझ्यापुढे ताट सरकवलं. मी जेवलो.

दोन महिन्यांनी चाचा कामावर आले. जखम भरली होती, पण तळहाताची जाणीव गेली होती ती गेलीच. सवयीने नळावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे. मी मोजायचो. चार. सहा. नऊ. हात तिथेच. पाणी चांगलं कढत असायचं. मग मी जाऊन हळूच मनगट धरून तो उचलायचो. डाव्या हाताला शिकवून बघितलं त्यांनी. म्हणायचे, "ये अनपढ़ है."

नवा काटा आला होता. तो हलायचा. त्यामुळे माझी लॉगशीट पुन्हा वेडीवाकडी झाली: सत्याऐंशी, चौऱ्याण्णव, नव्वद. टिपणीससाहेबांनी बोलावलंच.

"पुन्हा तापाचा चार्ट?"

"होय जी, साहेब. ताप आहे म्हणून."

मला वाटलं, आता मेमो. पण त्यांनी बराच वेळ कागद बघितला आणि परत दिला. प्रशस्तिपत्र भिंतीवरच राहिलं. ते काढलं असतं तर का काढलं हे लिहावं लागलं असतं.

पुढे चाचा निवृत्त होईपर्यंत चार वर्षं आम्ही दोघांनी ती केटल चालवली. ते खाली उभे, मी शिडीवर. कान त्यांचे, डोळे माझे. मी रोज आधी काच पुसायचो, नखाने टिचकी मारायचो, काटा थरथरला की मगच आकडा सांगायचो. त्या अमान्य चाचणीवर चार वर्षांत एक बॅच बिघडली नाही.

चाचांनी मला त्या दिवसाबद्दल एका शब्दाने टोचलं नाही. चारचौघांत म्हणायचे, "परल्हाद ने चिल्लाया, इसलिये हम सब जिंदा हैं." फक्त एक नवी सवय लागली होती त्यांना. ती आधी नव्हती.

"कितना?"

"एकोणनव्वद, चाचा."

व्हॉल्ववर हात ठेवून ते वर बघायचे.

"पक्का?"

रोज. दर पंधरा मिनिटांनी. मी पुन्हा काट्याकडे बघायचो, डोळे पुसून बघायचो. हवेत फॉर्मॅलिन असायचं, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटत नसे.

"पक्का, चाचा."

मगच ते व्हॉल्व फिरवायचे.